सोडा मशीनवरचा पहिला रंग

वैशाखातलं लग्न. मांडवात वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत, आणि डोक्यावर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. पंगत उठली की अर्ध्या वऱ्हाडाचे पाय आपोआप सोड्याच्या गाडीकडे वळायचे. मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे घ्या, नाहीतर मलकापूर, नांदुरा, बोदवड या पट्ट्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. साठी उलटलेल्या माणसाजवळ गोटी सोड्याचा विषय काढला, की तो चवीच्या आधी आवाजाबद्दल बोलू लागतो. गोटी आत गेल्याचा फट्ट आवाज, मागोमाग उसळून आलेला फेस आणि बाटली रिकामी होताना गळ्यात खुळखुळणारी ती काचेची गोटी.

आवाज लक्षात राहिला, चव लक्षात राहिली. पण ज्या यंत्रावर तो सोडा भरला जायचा आणि ज्या पेटीत बर्फाखाली बाटल्या ठेवल्या जायच्या, त्यांचं काय झालं? बरीचशी भंगारात गेली, किलोच्या भावाने. काही गोडाऊनच्या कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्यांखाली पडून आहेत. जी वापरात राहिली, त्यांच्यावर दर दोन-चार वर्षांनी ऑइलपेंटचा नवा हात बसत गेला. हा लेख त्या रंगाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर सगळ्यात खालच्या, पहिल्या रंगाबद्दल.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास शोधायला ताळेबंद असतात, जाहिरातींची कात्रणं असतात, कोर्टाचे निकाल असतात. गावातल्या सोडावाल्याने यातलं काहीच मागे ठेवलं नाही. पावती नाही, खातेवही नाही, बहुधा दुकानाचा एखादा फोटोही नाही. त्याने जे काही लिहवून घेतलं ते पेंटरकडून, पत्र्यावर: दुकानाचं नाव, पेयांची नावं, भाव. त्या धंद्याचा लेखी पुरावा असा तेवढाच आहे, आणि तो आपण आपल्याच हातांनी झाकत आलो आहोत. म्हणून जुनं सोडा मशीन हाती आलं, तर नवा रंग देण्याआधी जुना रंग शोधावा, असं मला मनापासून वाटतं.

नाणं टाका, बाटली घ्या

सोड्याची जुनी यंत्रं मिळवायची, दुरुस्त करायची आणि त्यांचा मूळ रंग उघडा करायचा, हा छंद मोठा झाला तो अमेरिकेत. तिथे थंड बाटली हातात द्यायला माणूस लागायचाच असं नाही. ते काम यंत्र करायचं. कॅन्सस सिटीत १९३७ साली सुरू झालेली व्हेंडो, फ्रेझ्नोची व्हेंडोरलेटर, चॅटनूगाची कॅव्हेलियर या कंपन्यांनी लाल रंगाची, गोलसर खांद्यांची आणि उठावदार अक्षरांची यंत्रं बनवली. पेट्रोल पंपावर, कारखान्याच्या व्हरांड्यात, शाळेच्या जिन्याखाली ती उभी असत. नाणं टाकलं की बाटली सुटायची.

या यंत्रांनी किमतीलाही बांधून ठेवलं होतं. कोका-कोला १८८६ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पाच सेंटलाच मिळत राहिलं. त्याला कारणं बरीच होती; त्यातलं एक म्हणजे ही यंत्रं पाच सेंटचं एकच नाणं घेत. भाव एका सेंटने वाढवावा तर गिऱ्हाइकाने दोन नाणी टाकायला हवीत, आणि थेट दहा सेंट करावा तर किंमत दुप्पट होते. शेवटी १९५३ साली कंपनीने अमेरिकी सरकारकडे साडेसात सेंटचं नवं नाणंच पाडून मागितलं. सरकारने ते पाडलं नाही.

अशी यंत्रं वीस-तीस वर्षं उन्हापावसात काढत. मालक बदलला की रंग बदलायचा, पेय बदललं की त्यावर दुसरंच नाव यायचं. कुणी भिंतीचा उरलेला रंग मारला, कुणी गॅरेजमधला. आजचे छंदिष्ट नेमके हे वरचे थर उतरवतात. ते उतरतात याला कारण आहे. कारखान्यातला पहिला रंग स्वच्छ केलेल्या पत्र्यावर दिलेला आणि भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. नंतरचा रंग ब्रशने, तेलकट हात लागलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसलेला असतो. दोघांची पकड सारखी नसते. हलक्या हाताने, योग्य द्रावण वापरून वरचा सोडवला की खालचा लाल पुन्हा दिसू लागतो. ओरखड्यांसकट, कोपऱ्यांवरच्या झिजेसकट. त्या मंडळींत आता नव्याने चकचकीत रंगवलेल्या यंत्राइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त मान या झिजलेल्या मूळ रंगाला मिळतो.

आपल्याकडे यंत्राशेजारी माणूस

नाणं टाकून चालणारं यंत्र आपल्याला माहीत होतं ते रेल्वे स्टेशनवरचं, वजन करायचं. रंगीत दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं; एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. थंड बाटली मात्र माणसाच्या हातूनच मिळायची. त्यामुळे आपल्याकडे ‘सोडा मशीन’ म्हटलं की दोन वस्तू समोर येतात. एक सोडा भरायचं लोखंडी यंत्र आणि दुसरी विकण्याची, बर्फ भरलेली पत्र्याची पेटी किंवा गाडी.

पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती १७६७ साली इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टलीने एका दारूभट्टीशेजारी शोधली. जिनिव्हात याकोब श्वेपने १७८३ साली तिचा धंदा उभा केला. अडचण बुचाची होती. वायू बूच उडवून देई, नाहीतर हळूहळू निसटून जाई. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हायरम कॉडने बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी आणि रबराची कडी बसवली. आतल्या वायूचाच दाब गोटीला वर रेटतो आणि बाटली आपली आपण बंद होते. वेगळं बूच नाही आणि बाटली धुऊन पुन्हा भरता येते. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी झाकण आणलं आणि जगभरातून गोटीची बाटली मागे पडत गेली. भारताने आणि जपानने मात्र ती सोडली नाही. जपानमध्ये ती रामुने म्हणून विकली जाते, उत्तर भारतात बंटा म्हणून, तमिळनाडूत गोली सोडा म्हणून, आणि आपल्याकडे गोटी सोडा म्हणून.

महाराष्ट्रात सोड्याचा धंदा रुजवला तो प्रामुख्याने पारशी आणि इराणी कुटुंबांनी. मुंबईत पालनजींचं रास्पबेरी १८६५ पासूनचं. पुण्याच्या लष्कर भागात अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासून. दिनशॉ पांडोळे यांची ड्यूक्स १८८९ ची. छावणी, क्लब आणि रेल्वेची उपाहारगृहं ही पहिली गिऱ्हाइकं. भुसावळहून निघालेली रेल्वे मलकापूर, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. कापूस त्या वाटेने बाहेर जायचा आणि परतीच्या वॅगनींतून यंत्रं, काच, लोखंड वऱ्हाडात यायचं. सरकी काढायच्या आणि गाठी बांधायच्या कारखान्यांबरोबर या भागात वाफेच्या दाबाची, पितळी नळ्यांची, व्हॉल्व्हची माहिती असलेले मिस्त्री तयार झाले. सोड्याचं यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करायला माणूस मिळेल, इतकी समज त्या काळातच गावात आली होती.

पिंजरा कसा फिरतो

हाताने चालणारं गोटी सोडा मशीन जवळून पाहिलं नसेल, तर त्याची करामत लक्षात येत नाही. लोखंडी चौकटीत एक पिंजरा असतो, आडव्या दांड्यावर फिरणारा. बाटलीत आधी पाणी आणि हवं असेल तर लेमन किंवा ऑरेंजचं सिरप घालतात. मग बाटल्या पिंजऱ्यात अडकवून स्क्रूने आवळतात. बाटलीचं तोंड वायूच्या नळीला घट्ट बसतं. सिलिंडरचा कॉक उघडायचा आणि हँडल मारायचं. पिंजरा उलटापालटा होतो, पाणी आणि वायू घुसळले जातात. शेवटी बाटली उलटी असतानाच कॉक बंद करतात. गोटी गळ्यात घरंगळते, आतला दाब तिला रबरी कडीवर दाबून धरतो आणि बाटली बंद. पिंजऱ्याला जाळी असते, कारण एखादी बाटली फुटतेच. यंत्रासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या हातावर काचेचे जुने वण दिसले, तर त्यात नवल नाही.

सिलिंडर सगळीकडे मिळू लागण्याआधी वायू जागेवरच तयार करत. खडूची किंवा संगमरवराची भुकटी आणि गंधकाचं आम्ल शिशाच्या अस्तराच्या भांड्यात एकत्र करायचं. विलायती बनावटीच्या मोठ्या यंत्रांना तांब्याचं नळकांडं असे आणि त्याला आतून कथलाचा मुलामा. लंडनच्या बार्नेट अँड फॉस्टर, हेवर्ड टायलर अशा कंपन्या हीच यंत्रं बनवत आणि ओतीव लोखंडावर आपलं नाव उठावात टाकत. अशा यंत्रावरचा रंग कितीही वेळा बदलला, तरी थराखालून बोटांना ती अक्षरं लागतात.

सोड्याला बर्फाची एवढी गरज का, याचंही उत्तर वायूतच आहे. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात, साध्या दाबाखाली, सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. वीस अंशांना तो ०.९ लिटरच्या आसपास येतो. चाळीस अंशांना, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या पाण्यात, जेमतेम अर्धा लिटर. वऱ्हाडातल्या सोडावाल्याला म्हणूनच भरताना गार पाणी लागायचं आणि विकताना बर्फ. मलकापूर किंवा खामगावसारख्या गावाहून बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणायची. पत्र्याची पेटी हा तिचा शेवटचा मुक्काम. अशा पेटीला दुहेरी भिंती असत आणि मधल्या पोकळीत पुन्हा भुसाच भरलेला.

मामांची पेटी

अशी एक पेटी धामणगाव बढेला माझ्या मामांच्या गोडाऊनमध्ये आहे. लाकडी सांगाडा, वर जस्ती पत्रा, आत निचऱ्यासाठी तोटी. सगळ्यात वरचा रंग आकाशी, जागोजागी पोपडे सुटलेला. मामांनी तिला रंग द्यायला एका पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवला.

“घासून टाका अन् पांढरा मारा, झालं,” मामा म्हणाले.

“थांबा न भाऊ,” काका म्हणाले, “आधी पाहू तं द्या, खाली काय हाये.”

त्यांनी दार ओढून घेतलं, अंधार केला आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. समोरून पाहताना जो पत्रा सपाट आकाशी होता, त्यावर तिरप्या उजेडात ओळी उभ्या राहिल्या. अक्षरांच्या कडा, एक जाड शिरोरेघ, खाली सावलीचा फटकारा. काही न खरवडता, काही न पुसता पेटीवर लिहिलेलं आहे हे कळलं. पाट्या रंगवणारा माणूस अक्षराला दोन हात देतो, म्हणून अक्षराचा थर पार्श्वभूमीपेक्षा किंचित जाड असतो. वरून कितीही रंग मारा, तो उंचवटा राहतोच.

मग बिजागरीचा स्क्रू काढून तिच्याखालची जागा पाहिली. तिथे ऊन पोचलं नव्हतं, ब्रशही पोचला नव्हता. तिथला रंग होता विटकरी लाल, अजून तजेलदार. पेटीचा मूळ रंग कुठला, याचा निकाल तिथेच लागला.

अक्षरं असलेल्या भागाच्या कडेला काकांनी रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडली. बोथट पात्याने, जवळजवळ आडवं धरून, ते एकेक थर सोडवत गेले. प्रत्येक थराची एक कड मुद्दाम मागे ठेवत. शेवटी त्या छोट्याशा गोलात पायऱ्या दिसू लागल्या: आकाशी, त्याखाली पोपटी, त्याखाली पातळ पांढरा, मग विटकरी लाल आणि सगळ्यात खाली गेरूसारखा प्रायमर. पोपटी आणि पांढऱ्याच्या मध्ये काजळीची एक काळपट रेघ होती. “इथं स्टोव्ह होता काय?” काकांनी विचारलं. मामांना आठवलं: मधली काही वर्षं पेटी चहाच्या टपरीत टेबल म्हणून वापरली गेली होती. घरात कुणी हे बोललं नव्हतं. पत्र्याने बोलतं केलं.

ती काजळी आणि तेलकटपणा कामी आला. त्याच्यामुळे पोपटी रंगाला खाली नीट पकड मिळाली नव्हती आणि तो कपच्यांनी निघू लागला. पांढरा मात्र चिवट होता. तो ओल्या बारीक पॉलिश पेपरने, साबणाचं पाणी सोडत, अगदी हलक्या हाताने झिजवावा लागला. सलग ओळ उघडायला बराच वेळ गेला. हाती आलं ते असं: मलईच्या रंगाची, काळ्या सावलीची अक्षरं, “येथें थंड सोडा व लेमन”, आणि त्याखाली भावाची ओळ. आकडा होता तिथे पत्रा गंजून खाल्ला गेला होता. आकड्यानंतरचे दोन शब्द शाबूत होते: “नवे पैसे”.

पत्र्यावरची तारीख

हे दोन शब्द तारखेइतकेच बोलके आहेत. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नव्या नाण्याला ‘नवा पैसा’ म्हणत, आणि १ जून १९६४ ला त्यातलं ‘नवा’ अधिकृतपणे गळालं. म्हणजे ही ओळ या सात वर्षांतली, किंवा सवय मोडायला लागलेला थोडा काळ धरून त्यानंतर लगेचची. ‘येथें’ वरचा अनुस्वारही त्याच बाजूने साक्ष देतो. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार छापील मजकुरातून उतरत गेले. पेंटरचा हात नियमाने लगेच बदलत नाही, म्हणून एकट्या अनुस्वारावर निर्णय देऊ नये. पण दोन पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तर विश्वास ठेवायला जागा आहे.

अशा खुणा अनेक आहेत. भावात ‘आणे’ असतील तर मजकूर १९५७ च्या आधीचा किंवा आसपासचा. विक्रेत्याच्या पितळी पट्टीवर पत्ता ‘सी. पी. अँड बेरार’ असा असेल तर ती पट्टी बहुधा १९५० च्या आधीची, कारण त्या वर्षी त्या प्रांताचं मध्य प्रदेश झालं. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत त्यातच होता. पेटीवर थम्स अप असेल तर थर १९७७ किंवा नंतरचा. त्याच वर्षी कोका-कोलाने भारत सोडला आणि सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने डबल सेव्हन बाजारात आणलं. ते फार टिकलं नाही, म्हणून त्याचं नाव सापडलं तर तो थर फार थोड्या वर्षांतला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँड तिने विकत घेतले. पुढे गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं. त्यामुळे गोल्ड स्पॉटचा केशरी एखाद्या पेटीवर उघडा झाला, तर तो शतक संपण्यापूर्वीचा. बाटलीचं नाव, भावाचं चलन, गावाचा पत्ता आणि अक्षराचं वळण, ही चार टोकं जुळवली की पत्रा वाचता येतो.

हात आवरायचा कुठे

जुना रंग उघडणाऱ्याला सगळ्यात आधी शिकायचं असतं ते थांबणं. खालची ओळ दिसू लागली की हात वेग घेतो आणि त्याच वेगात ती ओळ खरवडून जाते. म्हणून आधी आडोशाची जागा, मग नाण्याएवढी खिडकी, मग ओळ आणि मग हवं असेल तर बाजू, या क्रमाने जावं. प्रत्येक टप्प्याला फोटो घ्यावा, शेजारी फूटपट्टी ठेवून. द्रावण वापरायचं तर कापसाच्या बोळ्याने, कोपऱ्यात, थोडं. बोळ्यावर वरचा रंग आला तर पुढे जावं, खालचा आला तर तिथेच थांबावं. सगळ्यात जलद रंग काढणारी जी द्रावणं पूर्वी सर्रास मिळत, त्यातल्या मिथिलीन क्लोराइडने बंद खोलीत माणसं दगावलेली आहेत. अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर २०२४ मध्ये बंदी घातली. गोडाऊनचं दार बंद करून असलं काही वापरू नये.

दुसरा धोका शिशाचा. गेल्या शतकातल्या पिवळ्या, लाल, केशरी रंगांत आणि लोखंडावरच्या लाल प्रायमरमध्ये शिसं भरपूर असे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद भाग इतकी कायद्याने खाली आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा कुठलाही थर शिशाचा आहे असंच समजून काम करावं. कोरडं घासणं नाही, ग्राइंडर नाही, रंग जाळणं तर अजिबात नाही. पाण्याने ओलं ठेवून घासायचं, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला चुरा गोळा करून वेगळा ठेवायचा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राच्या आतली. सोड्याचं पाणी आम्लधर्मी असतं; शिसं, तांबं, जुनं झाळकाम यांतून धातू ओढून घेतं. तांब्याच्या नळकांड्याला आतून कथील लावायचं ते यासाठीच, जसं घरच्या पितळी भांड्याला कल्हईवाला नवसागर टाकून लावायचा. रंग कितीही सुंदर उघडला, यंत्र कितीही छान फिरलं, तरी आतले भाग नव्याने, खाण्यापिण्याच्या योग्य धातूचे केल्याशिवाय त्यातला सोडा कुणाला पाजू नये.

आणि शेवटी, उघडलेला रंग तसाच ठेवायचा धीर हवा. गंजलेला आकडा अंदाजाने पुन्हा लिहू नये, तुटलेली सावली जोडू नये. पातळ मेणाचा हात द्यावा, पावसापासून दूर ठेवावं, बस. मामांच्या पेटीची पुढची बाजू आम्ही अशी ठेवली. उरलेल्या तीन बाजू आकाशीच आहेत, आणि त्याही तिच्या इतिहासाचा भाग आहेत.

ब्रश धरणारे

या सगळ्यात ज्याचं नाव क्वचितच सापडतं तो म्हणजे पेंटर. महाराष्ट्राला ब्रशची परंपरा नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पडदे आणि पोस्टरं रंगवली, सिनेमे काढले. मुंबईत तरुण एम. एफ. हुसेन सिनेमाची मोठी होर्डिंग्ज रंगवत. त्यांची नावं राहिली. तालुक्याच्या गावातला पेंटर मात्र एसटी स्टँडची पाटी, शाळेचा फळा, गणपतीची कमान, बैलगाडीच्या साट्या, निवडणुकीच्या भिंती आणि सोड्याची पेटी असं सगळं रंगवत राहिला. १९२० साली मुंबईच्या लोअर परळला सुरू झालेला रंगाचा कारखाना पुढे नेरोलॅक झाला. १९४२ मध्ये मुंबईतच एशियन पेंट्स सुरू झाली. तयार डबे तालुक्याला मिळू लागण्याआधी पेंटर जवसाच्या उकळलेल्या तेलात रंगाची पूड स्वतः घोटायचा, आणि जवस तर वऱ्हाडाच्या शेतातच पिकत होता. पत्र्यावर चिवट बसलेला तो खालचा थर पुष्कळदा याच तेलाचा असतो.

अक्षर हे त्याचं खरं काम होतं. शिरोरेघ एका श्वासात ओढायची, ‘ड’ चं पोट आणि ‘व’ ची गाठ सारख्या वजनाची, सावली नेहमी एकाच बाजूला. फ्लेक्स आल्यावर हे काम काही वर्षांत बंद पडलं. ज्या हातांनी गावं लिहिली, त्यांची अक्षरं आज भिंतीवरून धुतली गेली आहेत. पत्र्यावर, दोन-चार थरांखाली मात्र ती शाबूत आहेत. काही पेंटर कोपऱ्यात बारीक सही करत. पेटी उघडताना उजवा खालचा कोपरा म्हणूनच आधी पाहावा.

आता काय करायचं

गोटी सोड्याला पुन्हा मागणी येते आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात संस्थेने गोली पॉप सोडा नावाने तो अमेरिका, युरोप आणि आखातात पाठवायला हातभार लावला. शहरांतल्या हॉटेलांत गोटीची बाटली मिरवली जाते. त्यामुळे जुन्या यंत्रांना आणि पेट्यांनाही शोभेची वस्तू म्हणून गिऱ्हाईक मिळू लागेल, आणि तिथेच धोका आहे. शोभेसाठी घेणारा पहिलं काय करतो, तर वाळूच्या झोताने सगळे थर उडवतो आणि वर नवा लाल रंग मारतो. एका दुपारच्या कामात साठ-सत्तर वर्षांचं लिखाण पुसलं जातं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी जपून ठेवली आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूही जपण्यासारख्या असतात, हे दिनकर केळकरांनी आयुष्य खर्ची घालून मराठी माणसाच्या गळी उतरवलं. सोड्याच्या पेटीला आज असं घर नाही. ते उभं राहीपर्यंत काम गावातच करावं लागेल, आणि ते फार खर्चाचं नाही. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक वही ठेवता येईल: गावात सोडा कोण भरायचं, बर्फ कुठून यायचा, पाट्या कोण रंगवायचं. शाळेतली मुलं आपापल्या घरच्या जुन्या पत्र्याचे तिरप्या उजेडातले फोटो काढू शकतील. त्याला खरवडायचीही गरज नाही, म्हणून शिशाची भीतीही नाही. वय झालेल्या पेंटरांना बोलावून त्यांनी रंगवलेल्या पाट्यांची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घेता येईल. हे शेवटचं काम सगळ्यात निकडीचं, कारण पत्रा अजून वीस वर्षं थांबेल, पण माणसं तितकी थांबणार नाहीत.

दिवाळीची साफसफाई हा जुन्या वस्तूंच्या निकालाचा मोसम असतो. या दिवसांत कितीतरी गोडाऊनं रिकामी होतात आणि कितीतरी पेट्यांवर नवा रंग चढतो. तुमच्याकडे अशी पेटी, गाडी किंवा पिंजऱ्याचं यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी किंवा रंगाचा डबा फोडण्याआधी रात्री टॉर्च आडवी धरून एकदा बघा. ओळ दिसली तर फोटो काढा, घरातल्या मोठ्या माणसांना दाखवा आणि ते काय सांगतात ते लिहून ठेवा. पेटी विकायची की ठेवायची, हे त्यानंतर ठरवा.